हजारोंचा एकच खेळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात वाकड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘पोरं मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर जे एकमेकांबरोबर खेळतात ते नक्की काय असतं, हे आम्हाला कळेल अशा भाषेत सांग.’ हा विषय कुठून आला हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांनंतर सर्वांत जास्त चर्चा याच गोष्टीवर होते. एक जण म्हणतो, सगळे गेम सारखेच, फोन काढून घ्या. दुसरी म्हणते, माझी लेक त्यातूनच धीटपणे इंग्रजी बोलायला शिकली. तिसऱ्याच्या दृष्टीनं लुडो, रमी आणि पबजी एकाच माळेचे मणी.

आधी एक खुलासा. मी गेम बनवत नाही. इंजिनिअरिंग संपल्यापासून मी सर्व्हरवर चालणारी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणजे हजारो माणसं एकाच वेळी ज्याच्यावर तुटून पडतात अशी. रेल्वेच्या तत्काळ तिकिटाचं उदाहरण घ्या. शेवटचा एक बर्थ उरलाय आणि दोनशे जणांनी एकाच क्षणी बटण दाबलंय. बर्थ कुणाला द्यायचा आणि बाकीच्या एकशे नव्व्याण्णव जणांना तो गेल्याचं लगेच कसं सांगायचं, हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रश्न. मोठ्या ऑनलाइन खेळांचा गाभाही हाच आहे. फक्त तिथे बर्थच्या जागी तलवार असते आणि ती दोघांनी एकाच वेळी उचललेली असते. त्यामुळे या खेळांकडे मी बघते ती पडद्यामागून.

या खेळांचं पूर्ण नाव आहे ‘मॅसिव्हली मल्टिप्लेअर ऑनलाइन गेम’, थोडक्यात एमएमओ. नावात तीन गोष्टी आहेत. ऑनलाइन म्हणजे इंटरनेटवरून, यात वाद नाही. मल्टिप्लेअर म्हणजे अनेक जण मिळून, तेही समजलं. घोळ होतो तो ‘मॅसिव्हली’ या शब्दापाशी. प्रचंड म्हणजे किती? आणि मोजायचं कुठे?

लुडो किंग घ्या. आपल्या नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीनं २०१६ मध्ये तो आणला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरांत पोचला. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा नाशिकच्या मावशीला आणि अमेरिकेतल्या भावाला एकाच पटावर बसवलं असेल. कोट्यवधी लोकांनी तो फोनवर घेतला. मग तो एमएमओ झाला का? नाही. समजा, या हॉलमध्ये शंभर टेबलं मांडली आणि प्रत्येक टेबलावर चौघं पत्ते कुटत बसले, तर तो चारशे जणांचा खेळ होत नाही. ते चौघांचे शंभर खेळ होतात. तिसऱ्या टेबलावर कुणी हुकुमाचा एक्का टाकला, तर सत्तराव्या टेबलावर पान हलत नाही. म्हणून हॉलमधली डोकी मोजायची नाहीत, एका डावात एकमेकांवर परिणाम करणारी डोकी मोजायची. ही पहिली कसोटी.

आता पबजी. हा विषय आपल्याकडे जास्त तापलेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. जुलै २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे बीजीएमआय या नावानं आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये खेळण्याच्या वेळेवर मर्यादा घेऊन परतला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास. यात एका डावात १०० जण एका बेटावर उतरतात. आपल्या पुण्यातल्या सुपरगेमिंग या कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा खेळ आणला, तोही याच घराण्यातला. शंभर जण एकाच बेटावर, एकमेकांना पाहणारे, एकमेकांच्या वाटेत येणारे. म्हणजे पहिली कसोटी बऱ्यापैकी पार झाली.

पण अर्ध्या तासात काय होतं? एक जण किंवा एक टोळी उरते, डाव संपतो आणि ते बेट पुसलं जातं. पुढच्या डावाला नवं कोरं बेट. तुम्ही मागच्या वेळी ज्या घराचं दार उघडलं होतं ते पुन्हा बंद. कालच्या डावाचा आजच्या बेटावर ओरखडाही नाही. आपण मधल्या सुट्टीत फळ्यावर फुली-गोळा खेळायचो आणि बाई आल्या की डस्टर फिरायचं, तसं. म्हणून जाणकार पबजीला सहसा एमएमओ म्हणत नाहीत.

इथे दुसरी कसोटी येते, आणि माझ्या मते तीच खरी. तुम्ही खेळातून बाहेर पडल्यावर ते जग चालू राहतं का?

वाकड गावाचाच विचार करा. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९९७ मध्ये, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. तेव्हा इकडे शेती होती, पलीकडे मुळा नदी, आणि हिंजवडीतला आयटी पार्क अजून उभा राहायचा होता. आपल्यातले काही जण त्यानंतर नोकरीसाठी बाहेर पडले आणि पंधरा-वीस वर्षांनी परतले. परत आल्यावर त्यांना काय दिसलं? उसाच्या जागी टॉवर, बांधाच्या जागी रस्ता, आणि ज्याच्या पेरूच्या झाडावर आपण दगड मारायचो त्याच्या नातवाचं हॉटेल. गाव तुमच्यासाठी थांबलं नव्हतं. तुम्ही नसतानाही इथे जमिनी विकल्या जात होत्या, लग्नं होत होती, भांडणं होत होती आणि मिटत होती. खरा एमएमओ असा असतो. तुम्ही रात्री अकराला बाहेर पडता, पण तुमच्या गटातला ब्राझीलमधला गडी तेव्हा जागा असतो. सकाळी परत येता तर किल्ला शत्रूकडे गेलेला असतो आणि बाजारात लोखंडाचा भाव दुप्पट झालेला असतो.

तिसरी कसोटी याच्याच पोटातून निघते. ते जग तुम्हाला लक्षात ठेवतं. तुमचं पात्र, त्याचं नाव, कमावलेलं कौशल्य, जोडलेले मित्र, केलेली दगाबाजी, सगळं जमा राहतं. लुडोत हरलात तर पुढच्या डावात पाटी कोरी. इथे पाटी कधीच कोरी होत नाही. माणसाला पत असते तशी पत तिथेही असते.

या प्रकाराला मोठा इतिहास आहे, तो थोडक्यात सांगते. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल यानं तो वाढवला. त्यात चित्र एकही नव्हतं, नुसते शब्द. ‘तुम्ही एका रस्त्यावर उभे आहात’ असं पडद्यावर यायचं आणि तुम्ही ‘उत्तर’ असं टाइप करून चालायचं. पण त्याच रस्त्यावर दुसरा खरा माणूस भेटायचा, ही त्यातली जादू. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला. आपण अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत होतो तेव्हा तिकडे हजारो लोक एका चित्रमय जगात घरं बांधत आणि चोऱ्या करत होते. १९९८ मध्ये कोरियात ‘लिनिएज’, १९९९ मध्ये अमेरिकेत ‘एव्हरक्वेस्ट’, २००३ मध्ये आइसलँडच्या कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. या शेवटच्या खेळाचे २०१० मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. पैसे भरून खेळणारे.

आता मला माझ्या आवडीच्या भागाकडे येऊ द्या. गणिताच्या सरांकडे बघून सांगते, हे दहावीचंच गणित आहे.

एका खोलीत १० जण आहेत. प्रत्येकानं हात हलवला तर ते उरलेल्या ९ जणांना दिसायला हवं. म्हणजे सर्व्हरला पाठवायचे निरोप झाले १० गुणिले ९, म्हणजे ९०. खोलीत १०० जण असतील तर १०० गुणिले ९९, म्हणजे ९,९००. आणि १,००० जण असतील तर ९,९९,०००. माणसं दहापट झाली की काम साधारण शंभरपट होतं. आणि हे एकदाच नव्हे, दर सेकंदाला अनेक वेळा. म्हणून दोनाचे चार खेळाडू करणं सोपं, पण शंभराचे हजार करणं हा वेगळाच धंदा आहे. ‘मॅसिव्हली’ हा शब्द जाहिरातीसाठी लावलेला नाही. त्यामागे अभियांत्रिकीची अडचण आहे.

ती सोडवायच्या तीन मुख्य युक्त्या आहेत आणि तिन्ही तुम्हाला माहीत आहेत.

पहिली युक्ती भूमकर चौकातली. संध्याकाळी हिंजवडीचे ऑफिस सुटल्यावर तिथे हजारो गाड्या असतात. पण दुचाकीवरचा माणूस किती गाड्यांकडे बघतो? पुढची बस, डावीकडची रिक्षा, मागून हॉर्न मारणारा टँकर. जेमतेम आठ-दहा. डांगे चौकात कोण उभं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. सर्व्हरही तेच करतो. तुमच्या आसपास जे आहेत त्यांचीच खबर तुमच्यापर्यंत पाठवतो. हजार जणांच्या जगात प्रत्येकाला तीस-चाळीस जणच कळवायचे असतील, तर दहा लाखांचं काम तीस-चाळीस हजारांवर येतं.

दुसरी युक्ती आपल्या शाळेतली. तुकड्या पाडायच्या. दहावी अ, ब आणि क. इमारत तीच, पुस्तक तेच, गणिताचे सरही तेच. पण अ मध्ये काय रामायण घडलं ते ब ला मधल्या सुट्टीत ऐकीव कळायचं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं असंच केलं. त्या कोट्यवधी माणसांना शेकडो तुकड्यांत वाटलं. प्रत्येक तुकडीत तेच डोंगर, तेच राक्षस, पण माणसं वेगळी आणि म्हणून इतिहास वेगळा. कोट्यवधींचा खेळ असं आपण म्हणतो, पण एका जगात असतात ते काही हजारच. तेही थोडे नव्हेत.

तिसरी युक्ती ईव्ह ऑनलाइनची. त्यांनी ठरवलं की खेळाडूंना तुकड्यांत वाटायचं नाही. चीन वगळता जगभरातले खेळाडू एकाच विश्वात. मग एकाच ठिकाणी हजारो जण लढायला आले की काय करायचं? त्यांनी वेळच हळू केली. गर्दी वाढली की तिथलं घड्याळ मंदावतं, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. एका सेकंदाचं काम दहा सेकंदांत. पुन्हा भूमकर चौक! वाहतूक गोगलगाय होते, पण कुणी हवेत विरून जात नाही. २७ जानेवारी २०१४ रोजी तिथे एक लढाई झाली. एका प्रदेशाचा ठरलेला हप्ता वेळेवर भरला गेला नाही आणि त्यावरून ती पेटली. ती जवळजवळ २१ तास चालली, साडेसात हजारांहून जास्त खेळाडूंनी भाग घेतला आणि बुडालेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशांत सुमारे ३ लाख डॉलर होईल असा अंदाज काढला गेला. आपल्याकडे सातबाऱ्यावरून होणारी भांडणं आठवली ना? मलाही आठवली.

इतके लोक, न थांबणारं जग आणि न पुसली जाणारी आठवण, ही तीन एकत्र आली की एक चौथी गोष्ट आपोआप उगवते. तिला मी समाज म्हणते. बाजार तयार होतो, भावात चढउतार होतात, साठेबाजी होते. ईव्ह चालवणाऱ्या कंपनीनं तर २००७ मध्ये आपल्या खेळाच्या बाजारावर लक्ष ठेवायला अर्थतज्ज्ञ नेमला. गट बनतात. पालखी सोहळ्यात लाखो वारकरी असतात, पण प्रत्येक जण चालतो तो आपल्या दिंडीबरोबर. दिंडीला क्रमांक असतो, रथाच्या पुढे की मागे ते ठरलेलं असतं, विणेकरी कोण, स्वयंपाक कुणाकडे, सामानाचा ट्रक कुठे थांबणार, सगळं ठरलेलं. मी इथे श्रद्धेची तुलना करत नाही, ती होऊच शकत नाही. मी फक्त रचना दाखवते आहे. प्रचंड गर्दीत माणसाला माणूसपण टिकवायचं तर दिंडी लागते. या खेळांत तिला गिल्ड म्हणतात.

समाज आला की रोगराईसुद्धा येते. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एक नवा राक्षस आला. तो खेळाडूंना एक संसर्ग द्यायचा. तो संसर्ग त्याच्या गुहेपुरता राहील अशी योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो गुहेबाहेर, शहरांत आला. नवखे खेळाडू क्षणात मरू लागले, चौकांत सांगाडे पडले. मग लोकांनी काय केलं ते ऐका. काही जण आपणहून इतरांवर उपचार करायला धावले. काही जण शहर सोडून पळाले. काही जण नुसतं बघायला आले आणि स्वतःच रोग घेऊन गेले. आणि काही जणांनी मुद्दाम गर्दीत जाऊन तो पसरवला. लोकांना वेगळं ठेवायचा प्रयत्न कंपनीनं केला, तो कुणी जुमानला नाही. शेवटी सर्व्हर पूर्ववत करून तो विषय संपवावा लागला. २००७ मध्ये दोन संशोधकांनी ‘लॅन्सेट’च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात यावर लेख लिहिला. साथीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास अशा खेळांतून करता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२० साल आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे या चार प्रकारच्या माणसांची ओळख वेगळी करून द्यायला नको.

चार प्रकारांवरून आठवलं. मघाशी ज्या रिचर्ड बार्टलचं नाव घेतलं, त्यानं १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. काही जण गुण मिळवायला येतात. काही जण कोपरे धुंडाळायला येतात. काही जण गप्पा मारायला येतात. आणि काही जण इतरांना छळायला येतात. आता आपला वर्ग डोळ्यांसमोर आणा. पहिल्या बाकावर नंबरासाठी जीव टाकणारे होते. शाळेच्या गच्चीची किल्ली कुठे असते हे ठाऊक असलेले होते. अभ्यासाशी काही संबंध नसलेले, फक्त मधल्या सुट्टीसाठी येणारे होते. आणि वेण्या बाकाला बांधणारे होते. नावं घेत नाही, ते समोरच बसलेत! बार्टलचं म्हणणं असं की हे चारही असतील आणि त्यांचा तोल राहील तरच असं जग टिकतं. नुसते छळणारे उरले की गप्पा मारणारे निघून जातात. मुख्याध्यापकांना हे फार आधीपासून माहीत होतं.

तर माझी व्याख्या अशी. एकाच जागी एकमेकांवर परिणाम करणारी शेकडो-हजारो माणसं, तुम्ही नसतानाही चालू राहणारं जग, तुम्हाला लक्षात ठेवणारं जग आणि त्यातून उगवलेला समाज. किती म्हणजे प्रचंड, याचा पक्का आकडा कुणी ठरवलेला नाही आणि ठरवायची गरजही नाही. गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं हे वाकडकरांनी कुणाला विचारावं?

आता तुम्ही विचाराल, या व्याख्येचं आम्ही घरी काय करू? खूप काही करता येतं, कारण खेळाचा प्रकार बदलला की आई-बापाचं कामही बदलतं.

पहिली गोष्ट जेवणाची. आपण हाक मारतो, ‘बंद कर आणि ये.’ मूल म्हणतं, ‘थांबवता येत नाही गं!’ आपल्याला वाटतं, उलट बोलतंय. पण तो खरं सांगत असतो. एकट्यानं खेळायच्या खेळाला थांबवायचं बटण असतं. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये केलेला ‘राजी’ घ्या, तो हवा तिथे थांबतो. पण जिथे चाळीस जण मिळून एका राक्षसाशी लढताहेत, तिथे तुमच्या मुलाला मध्येच उठवणं म्हणजे कबड्डीत चढाई चालू असताना गड्याला मैदानातून बाहेर ओढणं. उरलेल्या एकोणचाळीस जणांपुढे त्याची पत जाते. म्हणून भांडण जेवणाच्या वेळी घालू नका. बोलणं खेळ सुरू व्हायच्या आधी करा. ‘किती वेळाचा डाव आहे? मध्येच सोडता येतो का? मग साडेआठच्या आत संपेल असाच डाव घे.’ आमच्या घरी हा नियम आहे. वाद संपलेत असं मी म्हणत नाही, पण आता ते आठला होतात, ताट वाढल्यावर होत नाहीत.

दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची. जे जग थांबत नाही ते सोडणं अवघड असतं. आपण झोपलो तर मागे पडू, ही भीती त्या रचनेतच आहे, आणि रोज हजेरी लावली की बक्षीस देऊन कंपन्या ती वाढवतात. हे मुलाच्या स्वभावाचं खोट म्हणून पाहू नका, पण म्हणून दुर्लक्षही करू नका. झोप, शाळा, मैदान या तीन गोष्टींना हात लागला की खेळ कुठलाही असो, आवरायची वेळ आली. तेव्हा घरच्यांच्या जोडीला समुपदेशकाची मदत घ्यायला संकोच करू नका.

तिसरी गोष्ट पैशाची. इथे सगळ्यांची सरमिसळ होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानं तीन कप्पे पाडले : ई-स्पोर्ट्स, सामाजिक किंवा करमणुकीचे खेळ, आणि पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ. तिसऱ्या कप्प्यावर बंदी आली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. म्हणजे पैशांची रमी आणि एमएमओ या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत. पण एमएमओमध्ये पैसे लागत नाहीत असं नाही. वर्गणी असते, पोशाख विकत मिळतात, पेट्या उघडायला पैसे मागितले जातात. ते पैसे परत येत नाहीत. म्हणून फोनला कार्ड जोडलेलं असेल तर आज घरी जाऊन पासवर्ड बसवा. एवढं एक काम केलंत तरी माझं भाषण वसूल.

चौथी गोष्ट मालकीची. आपण त्याला जग म्हणतो, पण त्याचा मालक एक कंपनी असते. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ हा एमएमओ २००३ मध्ये सुरू झाला आणि १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाला. आठ वर्षं बांधलेली घरं, दुकानं, वसवलेल्या वस्त्या, सगळं एका रात्रीत गेलं. पबजी बंद झाला तेव्हा आपली मुलं रडली आणि आपण हसलो. पुढच्या वेळी हसू नका. आपलं गाव बदलताना निदान आपण इथे होतो. त्यांचं गाव एका नोटिशीवर पुसलं जातं.

पाचवी गोष्ट माणसांची. मॅट्स स्टीन नावाचा नॉर्वेतला मुलगा होता. त्याला स्नायूंचा असाध्य आजार होता, तो व्हीलचेअरवर होता. दिवसाचे कित्येक तास तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचा. आईवडिलांना वाटायचं, आपल्या मुलाला मित्र नाहीत, प्रेम नाही, त्याचं आयुष्य एका खोलीत संपलं. २०१४ मध्ये, २५व्या वर्षी, तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याची बातमी लिहिली. मग युरोपभरातून पत्रं येऊ लागली. त्याच्या गिल्डमधले लोक लिहीत होते की त्यानं आम्हाला धीर दिला, आमचं ऐकून घेतलं, घरातल्या माणसांशी पुन्हा बोलायला लावलं. त्यातले काही जण प्रवास करून अंत्यविधीला आले. आईवडिलांना आपला मुलगा तो गेल्यावर कळला. त्यावर माहितीपटही झाला आहे.

ही गोष्ट मी सगळे खेळ चांगले आहेत हे पटवायला सांगत नाही. त्याच जगात फसवणारेही असतात, वय लपवून मुलांशी बोलणारेही असतात. समाज म्हटला की दोन्ही आले. पण मुलगा समाजात वावरतोय हे एकदा मान्य केलं की आपले प्रश्न बदलतात. तो मित्राकडे जाऊन आला तर आपण विचारतो, कोण कोण होतं, काय केलंत, कुणी त्रास नाही ना दिला? तेच प्रश्न इथेही विचारायचे. ‘किती वेळ खेळलास?’ एवढाच प्रश्न विचारत राहिलो तर उत्तरात फक्त मिनिटं मिळतील.

तेव्हा घरी गेल्यावर चार गोष्टी विचारा. तू खेळतोस त्या डावात एका वेळी किती जण असतात? तू बाहेर पडलास की ते जग चालू राहतं का? तिथे तुझी दिंडी कुठली, त्यातले कोण तुला खरंच ओळखतात? आणि कुणी कधी पैसे किंवा फोटो मागितले का? पहिल्या दोन प्रश्नांवरून तो खेळ कोणता हे तुम्हाला कळेल. पुढच्या दोनांवरून तुमचं मूल तिथे कसं आहे ते कळेल. शक्य झालं तर अर्धा तास शेजारी बसून बघा. काही कळलं नाही तरी चालेल. ‘हा कोण? तो का पळतोय?’ एवढं विचारलंत तरी तो भरभरून सांगेल. घरातल्या मोठ्यांना आपल्या खेळात रस आहे, ही गोष्ट आपल्या वेळी फार थोड्यांच्या वाट्याला आली होती.

आपल्याला या शाळेनं दहा वर्षं एकत्र ठेवलं. कोण कुणाच्या डब्यातलं खातो, कुणाला काय बोललं की लागतं, हे आपण एकमेकांबरोबर राहूनच शिकलो. आपली मुलं तेच शिकताहेत, थोडं शाळेत, थोडं अशा जगांत. शाळेत निदान बाई असायच्या. तिकडे बाई नाहीत. ती जागा रिकामी आहे, ती आपणच भरायची आहे.